विमानाच्या पंख्याची शिट्टी

बिदरच्या हवाईदल तळावर 2008पासून हॉक प्रशिक्षण विमाने उडतात. त्यांच्या इंजिनातला पंखा नळीसारख्या आवरणात बंद असतो. बिदरलाच 2020 साली प्रवासी सेवा सुरू झाली ती एटीआर विमानाने. त्याचा सहा पात्यांचा पंखा उघडाच फिरतो. हॉक उड्डाण घेताना झोताची गर्जना बाकी सगळे झाकून टाकते. पंख्याची शिट्टी ओळखू येते ती विमान उतरताना, समोरून.

शिट्टीचा सूर काढणे सोपे: पात्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. समजा पाती 22 आणि मिनिटाला 3000 फेरे, तर 1100 हर्ट्झ. खरी गंमत पुढे आहे. फिरत्या पात्यांमागची विस्कटलेली हवा मागच्या स्थिर पात्यांवर आदळते आणि नळीत गोल फिरणाऱ्या ध्वनिलहरी तयार होतात. टायलर आणि सॉफ्रिन यांनी 1962 साली दाखवले, की दोन्ही पात्यांच्या संख्यांवरून या लहरींचे आकार आधीच सांगता येतात. स्थिर पाती फिरत्यांच्या दुपटीहून अधिक ठेवली, तर या आदळण्यातून निघणारा मूळ सूर सहसा नळीतच विरतो. नुसत्या मोजदादीने आवाज दाबला जातो! पात्यांची टोके ध्वनीहून वेगाने फिरू लागली, की मात्र वेगळीच, करवतीसारखी घरघर उठते.

प्रयोगशाळेत नळीच्या भिंतीत मायक्रोफोनांचे कडे बसवून लहरी वेगळ्या करतात. नागरी जेट विमानाच्या प्रमाणपत्रासाठी मोजणी जमिनीवरून होते: उड्डाणाच्या धावेच्या आरंभापासून 6500 मीटरवर, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून 450 मीटर बाजूला आणि उतरताना धावपट्टीच्या 2000 मीटर अलीकडे. शिट्टी कानाला जास्त बोचते, म्हणून तिच्यासाठी आकड्यात जादा भर घालतात. लष्करी हॉकला हा नियम लागू नाही.