सही पुसलेली चित्रे

गुढीपाडवा असो, गणेशचतुर्थी असो की दिवाळी. सणाच्या दिवशी पुरते उजाडायच्या आतच मोबाईलवर शुभेच्छाचित्रांची रीघ लागते. त्यांतले एखादे चित्र खरोखरच डोळ्यांत भरण्यासारखे असते. रेषा सराईत, रंग संयत, आणि त्यामागची कोणा जाणत्या हाताची मेहनत सहज दिसून येणारी. तो हात कोणाचा हे पाहण्यासाठी आपण चित्राचा खालचा कोपरा न्याहाळावा, तर तो कोपराच कापलेला असतो! त्या जागी हात जोडून उभ्या असलेल्या कोणा भावी नगरसेवकाचे छायाचित्र असते आणि त्याखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा-वीस नावे. चित्र ज्याने काढले, त्याचे तेवढे नाव नसते.

यात काही चोरी झाली असे कोणालाच वाटत नाही, हीच या प्रकरणातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे. चित्रकाराच्या घरचे कुलूप कोणी फोडले नाही, मूळ चित्र त्याच्यापाशीच आहे. मग त्याचे गेले तरी काय? गेले ते त्याचे नाव, आणि त्या नावावर मिळू शकणारे पुढचे काम. सामान्य चित्रकाराला जाहिरात परवडत नाही. त्याचे चित्र हीच त्याची जाहिरात आणि कोपऱ्यातली सही हाच त्याचा पत्ता. तो पत्ता फाडून टाकल्यावर चित्र लाख घरी पोचले, तरी त्याच्या दारी एकही गिऱ्हाईक येत नाही.

जुने दुखणे

हे दुखणे संगणकाने जन्माला घातलेले नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी मार्कान्तोनियो रायमोंदी या इटालियन कोरक्याने जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या लाकडी ठशांच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यांवर ड्यूररच्या आद्याक्षरांचे चिन्हही जसेच्या तसे उमटविले. वासारीने लिहून ठेवले आहे की, ड्यूररने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे दाद मागितली. परंतु त्याच्या पदरात पडले ते एवढेच, की रायमोंदीने ते चिन्ह वापरू नये. नकला करण्याची मोकळीक मात्र कायम राहिली.

पुढे दोन शतकांनी लंडनच्या विल्यम होगार्थने या प्रश्नाला हात घातला. १७३२ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या सहा चित्रांच्या मालेच्या स्वस्त नकलांचा बाजारात सुळसुळाट झाला. तेव्हा इतर कोरक्यांना बरोबर घेऊन तो पार्लमेंटकडे गेला आणि १७३५ साली कायदा झाला. छापील चित्रावर चौदा वर्षांचा हक्क मिळाला. ठशावर मालकाचे नाव आणि तारीख कोरलेली असावी, अशी त्यात अट होती. हा कायदा अमलात येईपर्यंत होगार्थने आपली पुढची चित्रमाला विक्रीस काढली नाही. चित्राचे संरक्षण आणि चित्रावरचे नाव यांची सांगड तेव्हापासूनची आहे.

परंतु त्या काळच्या नकलाकारालाही ताम्रपत्रा पुढे घेऊन दिवसचे दिवस कोरीत बसावे लागे. नक्कल करणे हेही एक श्रमाचे काम होते आणि त्या श्रमानेच चोरीला मर्यादा घातली होती. आज बोटाच्या एका स्पर्शाने चित्र उचलले जाते, दुसऱ्या स्पर्शाने कापले जाते आणि तिसऱ्या स्पर्शाने शंभरजणांना पाठविले जाते. मर्यादा घालणारा तो श्रमच नाहीसा झाला आहे.

कुलुपांची शर्यत

चित्रकार स्वस्थ बसलेले नाहीत. कोणी चित्र लहान आकारात प्रसिद्ध करतो, म्हणजे ते छापण्याच्या उपयोगी पडू नये. कोणी चित्रावरून आडवे, फिकट अक्षरांत आपले नाव घालतो. पण चित्र लहान केले की त्यातले बारकावे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. आडवे नाव घातले की आपल्याच हाताने आपले चित्र विद्रूप होते. चोर येईल म्हणून घराची खिडकी बुजवावी आणि आपणच अंधारात बसावे, तसा हा प्रकार आहे.

२०२२ पासून या शर्यतीत एक नवा गडी उतरला: सांगितलेल्या शब्दांवरून चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा. अशा यंत्रणा शिकविण्यासाठी जे संग्रह वापरले गेले, त्यांपैकी ‘लायन-५बी’ या एकाच सूचीत सुमारे ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने यांच्या जोड्या आहेत. त्या चित्रांच्या कर्त्यांना कोणी विचारावयास गेले नव्हते. पोलंडचा चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की याची शैली लोकांना इतकी आवडली, की त्याचे नाव घालून हजारो चित्रे यंत्राकडून काढून घेण्यात आली. आणि त्याच्या नावाने महाजालावर शोध घेणाऱ्यापुढे त्याने कधीच न काढलेली चित्रे येऊ लागली. पूर्वी चित्र राही आणि नाव जाई. येथे नाव राहिले, आणि चित्र भलत्याचेच!

शिकागो विद्यापीठातील बेन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘ग्लेझ’ हे साधन चित्रकारांना विनामूल्य दिले. ते चित्रात असे सूक्ष्म फेरफार करते, की माणसाच्या डोळ्याला फारसे काही जाणवत नाही, पण यंत्राला शैली भलतीच दिसते. २०२४ च्या आरंभी आलेले ‘नाइटशेड’ याच्याही पुढे जाऊन, परवानगीवाचून शिकणाऱ्या यंत्राच्या शिकण्यातच बिघाड घडवू पाहते. साधने चतुर आहेत यात शंका नाही. परंतु हे संरक्षण कायमचे नव्हे, असे ‘ग्लेझ’चे कर्तेच सांगत आले आहेत, आणि असे फेरफार शोधून पुसून टाकता येतात, हे दुसऱ्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवूनही दिले. कुलूप करणारा आणि किल्ली करणारा यांची ही शर्यत संपणारी नाही. आणि तीत चित्रकाराचे जे तास जातात, ते चित्र काढण्याचे तास असतात.

कायदा आहे; पण…

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. १९५७ च्या कायद्यानुसार चित्र निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी घरोघर पोचविली ते दीनानाथ दलाल १९७१ साली वारले; म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. जुने दिसते म्हणून ते चित्र सर्वांच्या मालकीचे झाले, ही समजूत चुकीची आहे.

याच कायद्याचे ५७ वे कलम पैशापलीकडचा हक्क मानते. हक्क विकून टाकला तरी कृती आपली म्हणून सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारनेच उखडून ठेवून दिले होते. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्प उखडल्यापासून निकालापर्यंत २६ वर्षे गेली होती! २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ बी हे कलम तर कर्त्याचे नाव सांगणारी माहिती जाणूनबुजून आणि परवानगीवाचून काढून टाकण्यास दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते.

परंतु हे हक्क बजावायचे कोणी? ज्याचे चित्र गेले त्यानेच. महाजालावरील प्रत हटविण्यासाठी त्याने लेखी तक्रार करावी. मग ती प्रत २१ दिवस दिसेनाशी होईल. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा दाखविण्यास मोकळीक. एका शुभेच्छाचित्रासाठी कोणता चित्रकार वकील लावील? आणि हजार ठिकाणी प्रती असतील, तर हजार अर्ज कधी करील? तात्पर्य, उचलणाऱ्याला काहीच करावे लागत नाही आणि ज्याचे उचलले त्याला सर्व काही करावे लागते. सगळ्या प्रश्नाचे मूळ या उलट्या मांडणीत आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक तोड सुचविली आहे. यंत्रांच्या शिक्षणासाठी कलाकृती वापरण्यास सरसकट परवाना असावा, आणि त्याबद्दल निर्मात्यांना स्वामित्वशुल्क मिळावे. मोबदला मिळेल, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या व्यवस्थेत निर्मात्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही. भाडे मिळणार म्हणून घरात कोण येणार हे ठरविण्याचा अधिकार सोडून द्यावा काय, याचा विचार झालाच पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, कला अनुकरणानेच शिकली जाते. अगदी खरे. विद्यार्थ्याने थोरांची चित्रे समोर ठेवून हात वळवावा. खासगी अभ्यासासाठी कायदाही त्याला वाव देतो. परंतु शिकणारा विद्यार्थी गुरूचे नाव सांगतो. सही कापणारा ते लपवितो. फरक आहे तो येथेच.

तेव्हा कायदा सुधारेल तेव्हा सुधारो. आपल्या हाती आहे ते आपण आजपासून करू शकतो. शाळेच्या भित्तिपत्रकावर चित्र लावताना शिक्षकाने खाली चित्रकाराचे नाव लिहावे आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहवून घ्यावे. कचेरीच्या वार्षिकांकासाठी चित्र निवडणाऱ्या कारकुनाने ‘महाजालावरून साभार’ असे मोघम न छापता कर्त्याचा शोध घ्यावा आणि त्याची परवानगी मागावी. आणि कोपरा कापलेले चित्र आले, तर ते पुढे न पाठविता एवढेच विचारावे: ‘हे काढले कोणी?’ हा प्रश्न विचारणारी माणसे वाढली, तर सही कापणाऱ्याचा हात निदान क्षणभर तरी थबकेल.