मनीचे तिकीट कोण काढणार?

जूनअखेर शाळांना सुट्टी लागली की करामातल्या आमच्या इमारतीत बॅगा बांधण्याची एकच लगबग उडते. दोन वर्षांपूर्वी अशाच गडबडीत एक कुटुंब नोकरी संपवून कायमचे मायदेशी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मनी जिन्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात दिसली. शेजारी पाण्याची वाटी आणि खाण्याची अर्धी पिशवी.

"मांजरच ते, कुठेही पोट भरील," इमारतीचा वॉचमन म्हणाला. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले. पण तिसऱ्या दिवशी पाहतो तो मनी तिसऱ्या मजल्यावर, त्याच बंद दाराशी बसलेली. वाटीतले खाणे तसेच पडलेले. मांजराचा जीव माणसात नाही, घरात असतो, असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणत. घरच गेले तर काय, हे त्यांनी सांगितले नव्हते!

पाच वर्षे एअरकंडिशनच्या गारव्यात वाढलेल्या मांजराला पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावली कुठे, पाणी कुठे, कोणता बोका अंगावर येईल, काहीच ठाऊक नसते. ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास अबुधाबीजवळ अल फलाहच्या वाळवंटात कोणीतरी शंभराहून अधिक मांजरे आणून सोडल्याचे उघडकीस आले. कित्येक मेलेली होती. जी वाचली ती स्वयंसेवकांनी उचलून नेली, म्हणून. त्यातली बरीच माणसाळलेली होती असे सांगतात.

याच देशात, ऑगस्ट २०२१ मध्ये देऱ्यात, बाल्कनीला लटकलेली गाभण मांजरी चौघा रहिवाशांमुळे खाली धरलेल्या चादरीत सुखरूप उतरली. दोघे केरळचे, एक मोरोक्कोचा, एक पाकिस्तानी. दुबईच्या राज्यकर्त्यांनी त्यांना प्रत्येकी ५० हजार दिरहम दिले. दुबईत १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या 'फेलाइन फ्रेंड्स' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तर बेवारशी मांजरांना आपल्याच घरांतून तात्पुरता आसरा दिला. मात्र अशी घरे नेहमी भरलेली असतात, हे आम्हाला मनीच्या निमित्ताने कळले. जिथे फोन करावा तिथे उत्तर एकच : जागा नाही, तुम्हीच काही दिवस ठेवून घ्या. अखेर दीड महिना ती आमच्या स्वयंपाकघरात राहिली आणि मग शारजाच्या एका गोवेकर बाईंनी तिला नेले.

गर्दी का होते, याचा हिशेब सोपा आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत पिल्ले, आणि वर्षात दोन-तीन वेळा तेच. म्हणून रस्त्यावरची मांजरे पकडून, शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच जागी सोडतात. कानाचे टोक कापलेले दिसले तर समजावे, हिचे काम झाले आहे. पिल्ले दिसली तर लगेच उचलू नयेत, आई बहुधा खाणे शोधायला गेलेली असते. आणि कृपा करून गाईचे दूध पाजू नका. हगवण लागून पिल्लू हातचे जाते.

आता परतीचे. दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्याला सामानासोबत दोन पाळीव प्राणी भारतात नेता येतात. मायक्रोचिप, रेबीजची लस, आरोग्याचा दाखला आणि भारतातल्या प्राणी क्वारंटाइन खात्याचे ना-हरकत पत्र लागते. लस प्रवासाच्या किमान महिनाभर आधी टोचलेली हवी. सुट्टीला चार दिवस उरले असता हे जमत नाही, आणि खर्चही माणसाच्या तिकिटाहून जास्त येऊ शकतो. मुलांच्या हट्टाखातर पिल्लू घरी आणताना हा आकडा कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नसता.

आमचा वॉचमन मात्र शहाणा झाला आहे. यंदा कोणाच्या दारात मोठी खोकी दिसू लागली की तो आधी विचारतो, "बिल्ली भी जा रही है ना?"