मल्लखांब आणि पोटरीतला गोळा

मल्लखांबावर अढी मारून उलटे लटकताना पोटरीत किंवा मांडीच्या मागे एकाएकी गोळा आल्याचा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे; तेव्हा वऱ्हाडातल्या मुलांना हा खेळ नवा नाही. गोळा आला की ‘मीठ-साखरेचे पाणी पी’ हा सल्लाही नवा नाही. पण तो अपुरा आहे.

अढीत तुमचे वजन घर्षण तोलून धरते. समजा, वजन ४० किलोग्रॅम आहे आणि पायांनी खांब दोन्ही बाजूंनी सारखाच आवळला आहे. घर्षणांक ०.५ असेल, तर प्रत्येक बाजूने ४० किलोग्रॅम-भाराइतका जोर लावावा लागेल. अंग घामाने निथळले किंवा एरंडेल जास्त लागले आणि घर्षणांक ०.२५ वर आला, की तोच जोर ८० होतो! खांब तोच, मुलगा तोच. स्नायूंचे काम मात्र दुप्पट.

आता स्नायूकडे वळू. त्यातील काही संवेदक मज्जारज्जूला ‘आवळ’ असे कळवतात, तर स्नायूबंधातील संवेदक ‘पुरे’ म्हणतात. स्नायू थकला की पहिला संदेश वाढतो, दुसरा मंदावतो. त्यातून गुडघा दुमडलेला आणि चवडा ताणलेला असला, म्हणजे पोटरीचा स्नायू आखडलेलाच असतो. त्याच्या बंधावर ताण उरत नाही आणि ‘पुरे’ म्हणणारा जवळजवळ गप्प होतो. गोळ्याचे हेच स्पष्टीकरण आज अधिक पटण्याजोगे मानले जाते. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गोळा आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या क्षारांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. (अकोल्याच्या मे महिन्यात पाणी प्यायलाच हवे, पण ते उन्हासाठी!)

म्हणून अंग व खांब पुसून घ्या, तेल बेताने लावा. आधी अंग गरम करा. अढी थोडा वेळच धरा, मध्ये विसावा घ्या आणि धरण्याचा वेळ आठवड्या-आठवड्याने वाढवा. चवडा विनाकारण ताणू नका. स्पर्धेत तो ताणावाच लागतो, पण सरावात प्रत्येक वेळी कशाला?

गोळा येण्यापूर्वी स्नायू बहुधा थरथरतो. ती थरथर जाणवताच हातांनी खांब पकडून खाली या. डोके खाली असताना पाय सुटला तर मान सापडते. खाली गादी आणि शेजारी वस्ताद हवेतच. जमिनीवर बसून गुडघा सरळ करा, चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा व तसाच धरा. बंध ताणला जातो, ‘पुरे’ हा संदेश पुन्हा जातो आणि गोळा सुटतो. त्या दिवशी पुन्हा अढी नको.