आपल्या गळ्याला पेलणारे जपानी गाणे

काराओके हा शब्द आता आपल्याकडेही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ‘ओकेसुतोरा’चे, म्हणजे ऑर्केस्ट्राचे, लघुरूप. वाद्यमेळ तयार आहे, गायकाची जागा तेवढी रिकामी आहे, असा त्याचा अर्थ. ती जागा कोणी भरायची? ज्याला गाता येते त्याने, असे आपण चटकन म्हणतो. जपानमध्ये मात्र तिथे बसलेल्या प्रत्येकाने, असे उत्तर मिळते. म्हणूनच गाणे कसे गावे यापेक्षा कोणते गाणे निवडावे, हा प्रश्न तिथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

या यंत्राच्या जन्मकथेतही हाच प्रश्न दडलेला आहे. कोबे शहरात दाइसुके इनोऊए नावाचे वादक बारमध्ये ग्राहकांच्या गाण्याला साथ करीत असत. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी : एका उद्योजक ग्राहकाने त्यांना साथीसाठी सहलीला बोलावले. जाणे शक्य नव्हते, म्हणून इनोऊए यांनी त्याच्या गाण्याच्या सवयी ध्यानात घेऊन साथसंगत टेपवर भरून दिली. पुढे 1971 मध्ये त्यांनी अशी अकरा यंत्रे तयार करून बारमालकांना भाड्याने दिली. त्यांच्याही आधी, 1967 मध्ये, शिगेइची नेगिशी यांनी तोक्योत असेच यंत्र बनवले होते. इनोऊए यांनी पेटंट घेतले नाही, ही गोष्ट आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना चटका लावणारी आहे! 2004 मध्ये त्यांना ‘इग् नोबेल’ हे गमतीदार शांतता पारितोषिक मिळाले. पण इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ती पहिली टेप गाणाऱ्याच्या बेताने भरली होती. गायकाने गाण्यापर्यंत चढायचे नव्हते. गाणेच त्याच्यापर्यंत खाली आले होते.

मी या विषयाकडे वळलो तो माझ्या मावसभावामुळे. दादा जपानमध्ये नोकरीला आहे. भाषेची परीक्षा तो पास झाला, पण कचेरीतल्या भराभर बोलण्यात त्याचे तोंड उघडत नाही. महिन्यातून एखादे दिवशी सगळे सहकारी काराओकेला जातात. लहानशी बंद खोली, तासाच्या हिशेबाने भाडे, आळीपाळीने प्रत्येकाचे गाणे. दादा तिथेही टाळ्या वाजवून परत येई. “इथेही मी मुकाच राहिलो, तर मला कोणी ओळखणार कधी?” असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा तो गाण्याबद्दल बोलत नव्हता हे मला कळले. आमच्या घरी पेटी आहे आणि जमाखर्च मांडण्याची मला सवय आहे. एवढ्या भांडवलावर मी त्याच्यासाठी गाणी शोधू लागलो.

पहिली पायरी म्हणजे आपला आवाज मोजणे. फोनवर मी पेटीचा सूर देई आणि दादा ‘आ’ लावी. काळी एक हा सा धरला, तर तो खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार रिषभापर्यंत पोचत होता. पण पोचणे वेगळे आणि नांदणे वेगळे. मंद्र धैवत ते तार षड्ज एवढ्याच टापूत त्याचा आवाज मोकळा लागे. हा मोकळा टापू म्हणजे आपली खरी शिल्लक. खर्च तिच्यातूनच करायचा.

दुसरी पायरी गाण्याची मोजणी. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर कोणता, हे तर पाहावेच. पण गाणे बहुतेक वेळ कुठे रेंगाळते, हेही पाहावे. एखादाच उंच सूर क्षणभर येऊन गेला तर निभावते. संपूर्ण धृपद तिथेच तळ ठोकून असेल तर गळा बसतो. आजच्या पुष्कळ जपानी पुरुष गायकांची गाणी तार पंचमापर्यंत आणि त्याहीवर चढतात. ‘ऑफिशियल हिगे डँडिझम’ या वाद्यवृंदाचे 2019 चे ‘प्रिटेंडर’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ऐकताना ते सहज वाटते, आणि खरा धोका तिथेच आहे.

तिसरी पायरी यंत्रावरचे पट्टी बदलण्याचे बटण. समजा, गाणे मध्य गंधारापासून तार मध्यमापर्यंत आहे. ते पाच पट्ट्या खाली घेतले, की मंद्र निषाद ते तार षड्ज एवढे होते आणि दादाच्या टापूत नेमके बसते. मात्र वरचा सूर खाली आणताना खालचाही तेवढाच खाली जातो, हे विसरू नये. ज्या गाण्याचा पल्लाच आपल्या आवाजाहून मोठा, ते कोणत्याच पट्टीत बसणार नाही. ते आवडीने ऐकावे आणि सोडून द्यावे. पट्टी उतरवण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या संगीतात तर प्रत्येक गायक आपला षड्ज स्वतःच ठरवतो.

चौथा हिशेब शब्दांचा. इथे आपली बाजू भक्कम आहे. जपानी स्वर पाचच : अ, इ, उ, ए, ओ. त्यांच्या अक्षरमालेचा क्रमही क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो घडला. त्यांचा ‘त्सु’ पुष्कळांना जड जातो. मराठी माणसाला ‘चमचा’तला च येत असल्याने तो आयताच येतो. मात्र मात्रांचे भान ठेवावे लागते. ‘तोक्यो’ हा शब्द आपण दोन ठोक्यांत संपवतो. जपानी माणूस तो तो-ओ-क्यो-ओ असा चार मात्रांत मोजतो. शब्दान्तीच्या ‘न’लाही स्वतःची मात्रा असते आणि गाण्यात पुष्कळदा स्वतःचा सूरही. ज्या गाण्यात एका सुरावर एक अक्षर सावकाश पडते, ते नवख्याला सोयीचे. ‘योआसोबी’चे 2019 चे ‘योरु नि काकेरु’ लोकप्रिय खरे, पण शब्दांची गर्दी, वेग आणि शेवटी बदलणारी पट्टी यांमुळे ते पहिल्या खेपेला घेऊ नये.

आता प्रत्यक्ष गाणी. क्यू साकामोतो यांचे 1961 चे ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालू या’, हे मी पहिले निवडले. 1963 मध्ये ‘सुकियाकी’ या भलत्याच नावाने (सुकियाकी हा जेवणातला पदार्थ आहे!) ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याची चाल बहुतांशी ‘योनानुकी’ सप्तकात आहे. चौथा व सातवा स्वर वगळायचा. उरतात सा रे ग प ध. म्हणजे स्वरांपुरता आपला भूप, आणि आमच्या कन्नड मित्रांचा मोहन! राग म्हणून त्याची चालचलणूक तिथे अर्थातच नाही. पण लहानपणापासून भूपातली गाणी ऐकलेल्या कानाला पुढचा सूर कुठे पडेल याचा अंदाज येतो.

दुसरे, मासाओ सेन यांचे 1977 चे ‘कितागुनि नो हारु’, ‘उत्तरेकडचा वसंत’. तेही पाच स्वरांचे आणि संथ. शहरात राहणाऱ्या मुलाला गावाकडून आईने पाठवलेले पार्सल मिळते आणि त्याला घर आठवते, असा त्याचा विषय. तिसरे, ‘स्मॅप’ या पाच जणांच्या गटाचे 2003 चे ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’, ‘जगातले एकमेव फूल’. हा गट 2016 च्या अखेरीस विसर्जित झाला, पण गाणे टिकून आहे. ते मिळून म्हणण्याजोगे असल्याने आपला आवाज कमी पडला तर खोलीतले बाकीचे सांभाळून घेतात. तरुण मंडळी असतील तर आइम्योन या गायिकेचे 2018 चे ‘मॅरिगोल्ड’ घ्यावे. झेंडूचे हे गाणे बायकांच्या मानाने खालच्या आवाजात आहे. पुरुषाने पट्टी जुळवून घ्यावी.

गाणे निवडताना खोलीत कोण आहे, हाही हिशेब मांडावा लागतो. वडीलधारे असतील तर 1977 चे गाणे त्यांना आपलेसे वाटेल. विशीतल्या मुलांना ते आजोबांचे वाटेल. काही यंत्रे शंभरपैकी गुणही देतात. मित्रांत ती मौज आहे, पण नवख्याने गुण बंदच ठेवावेत. परीक्षा द्यायला आपण तिथे गेलेलो नसतो.

ज्याचे त्याचे हुकमी गाणे असते, त्याला जपानीत ‘ओहाको’ म्हणतात. तो शब्द ‘अठरा क्रमांक’ असा लिहितात. एकोणिसाव्या शतकात सातव्या इचिकावा दांजुरो या काबुकी नटाने आपल्या घराण्याची अठरा नाटके निवडली होती, त्याच्याशी त्याचा संबंध जोडतात. दादाचे ओहाको आता ‘कितागुनि नो हारु’ झाले आहे, पाच पट्ट्या खाली. दुसऱ्या कडव्याला त्याचे साहेब उठून त्याच्याबरोबर गाऊ लागले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला विचारले, “तुमच्या आई कुठे असतात?” त्या प्रश्नाचे उत्तर मात्र दादाला कोणत्याही पुस्तकावाचून देता आले.

उंच गाणारा माणूस ऐकणाऱ्यांकडून शाबासकी मिळवतो. पेलेल तेवढेच गाणारा माणूस इतरांना आपल्याबरोबर गाण्याची वाट करून देतो. परक्या मुलुखात एकट्या राहणाऱ्याला या दोहोंपैकी कशाची गरज अधिक आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि मग पेटीवर आपला षड्ज शोधावा.