बोटाचा खेळ दिवाणखान्यांत येतो तेव्हां

चार माणसांचा स्वयंपाक रोज सुरेख करणाऱ्या गृहिणीलाहि मुंजीची पंगत उठवावयाची झाली म्हणजे सर्व बेत नव्यानें आंखावा लागतो. भांडीं बदलतात, चूल बदलते, वाढण्याची रीतहि बदलते. मोबाईलवरील खेळ टेलिव्हिजनला जोडावयाच्या 'कन्सोल' यंत्रावर आणणाऱ्या कारागिरांपुढें हीच अडचण उभी राहते.

गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं असा एक खेळ दिवाणखान्यांत लावला व आपल्या आजोबांस आग्रहानें खेळावयास बसविलें. पांच मिनिटांत ते उठले. "वय झालें रे, मला नाहीं जमावयाचें," एवढेंच म्हणाले. पुढें चिरंजीव सहज त्यांच्या आरामखुर्चींत जाऊन बसले, तों त्यांनाहि पडद्यावरील सूचना वाचतां येईनात! दोष वयाचा नव्हता. मोबाईलचीं अक्षरें तशींच मोठ्या पडद्यावर आणून ठेवलीं होतीं.

मोबाईल डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो. टेलिव्हिजन आठ-दहा फुटांवर. पडदा मोठा असला तरी अंतरामुळें अक्षर डोळ्यांस लहानच दिसतें. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक नियमांत, १०८० ओळींच्या पडद्यावर कन्सोलच्या खेळांतील अक्षर निदान किती उंचीचें असावें, हें सुचविलें आहे.

दुसरा भेद हाताचा. मोबाईलवर जें हवें त्यावरच बोट ठेवतां येतें. कन्सोलवर बोटें नियंत्रकाच्या बटणांवर आणि दृष्टि दूर पडद्यावर, अशी फारकत होते. एका पर्यायावरून दुसऱ्यावर पायरीपायरीनें जावें लागतें. तेव्हां आपण या क्षणीं कोणत्या पर्यायावर आहोंत, हें ठळक दिसलेंच पाहिजे. बटणांचे संकेतहि सर्वत्र सारखे नव्हते. प्लेस्टेशनवर जपानांत वर्तुळ म्हणजे 'होय' आणि फुली म्हणजे 'नको', तर पाश्चात्त्य देशांत बहुधा फुली म्हणजेच 'होय'. सन २०२० मध्यें आलेल्या पांचव्या प्लेस्टेशनपासून जपानांतहि फुलीच 'होय' झाली.

हें रूपांतर उत्तम कसें साधतें, याचें उदाहरण म्हणजे 'फ्रूट निन्जा'. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेनच्या हाफब्रिक स्टुडिओजनें हा खेळ २०१० सालीं मोबाईलवर आणला. उडालेलीं फळें बोटाच्या फटकाऱ्यानें कापावयाचीं, इतकाच खेळ. २०११ सालीं तो एक्सबॉक्स ३६० वर 'किनेक्ट'साठीं आला. किनेक्ट हें शरीराच्या हालचाली टिपणारें यंत्र. हातांत कांहींहि धरावयास नको. परंतु बोट फळावरच असतें, तसा हात दूरच्या पडद्यावर नसतो. मग वार कोठें पडणार हें कळावें कसें? कारागिरांनीं पडद्यावर फळांच्या मागें खेळणाऱ्याची सावली उमटविली! शिवाय खेळाचा प्रकार निवडण्यासाठींहि निराळीं बटणें न ठेवतां, मोबाईलप्रमाणेंच त्यासाठीं दाखविलेलें फळ कापावयाचें ठेवलें. एक क्रिया शिकली कीं सर्व आलें. किनेक्टचें उत्पादन २०१७ सालीं थांबलें, तरी हा धडा शिळा झालेला नाहीं.

इंग्लंडांतील फायरप्रूफ गेम्सचा 'द रूम' हा गूढ पेट्या उघडण्याचा खेळ २०१२ सालीं आयपॅडवर आला आणि २०१८ सालीं निन्टेन्डो स्विचवर गेला. तेथें टेलिव्हिजनसमोर बसल्यास हातांतील नियंत्रक वळवून पडद्यावरील खूण फिरवितां येते आणि यंत्र हातीं घेतल्यास पूर्वीप्रमाणें बोटानेंच खेळतां येतें. बैठक बदलली कीं रीत बदलावी, पण खेळाचा प्राण बदलूं नये, हें येथें साधलें आहे.

हा प्रश्न केवळ मुलांच्या करमणुकीचा नाहीं. मोबाईल एकट्याचा असतो. दिवाणखान्यांतील पडद्यासमोर आजोबा, सुना, नातवंडें एकत्र बसतात. तेथें अक्षर न दिसल्यामुळें किंवा खूण न कळल्यामुळें जो उठून जातो, तो तक्रार करीत नाहीं. आपणच निरुपयोगी झालों, असें मनाशीं समजतो. ही समजूत घरांतील माणसाला हळूहळू एकटें पाडते.

आमच्या घरीं अखेर आरामखुर्ची चार हात पुढें सरकविली. आतां आजोबा खेळतात आणि प्रसंगीं नातवाला हरवितातहि! परंतु खेळासाठीं खुर्ची हलवावी लागली, याचा अर्थ तो करणाराचें काम थोडें अपुरें राहिलें होतें, असाच होय.