प्रकाशतप्त नॅनोकण आणि दुष्टव्रण : अग्निकर्माचा एक आधुनिक आविष्कार

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून त्यांत अग्निकर्माचाही समावेश केला आहे. त्यामुळे व्रणचिकित्सेत उष्णतेचा उपयोग ही कल्पना वैद्यवर्गाला नवीन नाही. गेल्या दोन दशकांत याच कल्पनेचे एक निराळे रूप प्रयोगशाळांतून पुढे आले आहे. प्रकाश शोषून तप्त होणारे अतिसूक्ष्म कण जखमेत पोचवायचे, त्यांवर बाहेरून लेसर सोडायचा आणि निर्माण झालेल्या उष्णतेने जंतूंचा नाश करायचा, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीस फोटोथर्मल अर्थात प्रकाशौष्णिक चिकित्सा म्हणतात. तिचे मर्म आणि तिच्या मर्यादा आपल्या व्यावसायिकांनी व औषधनिर्मात्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

गरज कशातून निर्माण झाली?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाले, असा अंदाज 2022 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुनाट व्रणांत अडचण आणखी एका कारणाने वाढते. तेथील जंतू सुटे न राहता स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करून वसाहत करतात. या ‘बायोफिल्म’मध्ये औषध पुरेसे शिरत नाही, आणि आतील बरेचसे जंतू मंदावलेल्या अवस्थेत असल्याने शिरलेले औषधही निष्प्रभ ठरते. उष्णतेचा मार्ग वेगळा आहे. ती जंतूंचे बाह्यपटल फाडते आणि त्यांतील प्रथिने विघटित करते. एखाद्या विशिष्ट प्रतिजैविकाविरुद्ध जंतूने मिळवलेली प्रतिकारशक्ती येथे त्याच्या फारशी कामी येत नाही.

कण तापतात कसे?

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रावण तांबडे दिसते, हे मायकेल फॅरेडे यांनी 1857 साली दाखवून दिले होते. असे गोलाकार कण सुमारे 520 नॅनोमीटर लांबीच्या हिरव्या प्रकाशलहरी शोषतात. परंतु हिरवा प्रकाश त्वचेत खोल जात नाही. कणांना दंडाचा किंवा पोकळ कवचाचा आकार दिला, तर हेच शोषण अवरक्त प्रकाशाकडे सरकते. 700 ते 900 नॅनोमीटरच्या दरम्यानचा हा प्रकाश रक्त व पाणी तुलनेने कमी शोषतात, म्हणून तो ऊतींत काही मिलिमीटरपर्यंत उपयुक्त प्रमाणात पोचतो. शोषलेली ऊर्जा कण उष्णतेच्या रूपाने भोवताली सोडतात.

2006 साली अमेरिकेतील संशोधकांनी सुवर्णकण व लेसर यांच्या साह्याने स्टॅफिलोकोकस ऑरियस मारून दाखविला. 2008 साली सुवर्णदंडांनी स्यूडोमोनास या जंतूवर तसाच प्रयोग झाला. पुढे ग्राफीन, कॉपर सल्फाइड, पॉलिडोपामिन अशी अनेक द्रव्ये या कामी तपासली गेली.

सम्यक्‌दग्ध की अतिदग्ध?

खरा प्रश्न मात्रेचा आहे. केवळ उष्णतेने जंतू मारायचे, तर सामान्यतः 50 अंश सेल्सियसच्या वर जावे लागते. याउलट मानवी त्वचा 44 अंशांवर सुमारे सहा तासांत आणि 60 अंशांवर काही सेकंदांतच भाजते, हे मॉरिट्झ व हेन्रिकेस यांनी 1947 साली सिद्ध केले. शिवाय 808 नॅनोमीटरच्या लेसरसाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.33 वॅट मानली जाते, तर अनेक प्रयोगांत 1 वॅट किंवा त्याहून अधिक तीव्रता वापरलेली आढळते. म्हणूनच अलीकडे उष्णता 45 अंशांच्या आसपास ठेवून तिला प्रतिजैविकाची जोड देण्याकडे कल आहे. सौम्य उष्णतेने जंतूचे पटल शिथिल होते आणि औषधास आत वाट मिळते.

या उपचारांचे बहुतेक पुरावे उंदरांवरील जखमांचे आहेत. उंदराची जखम मुख्यतः त्वचा आकसून भरते, माणसाची तशी भरत नाही. सुवर्णकवचांचा मानवावरील उल्लेखनीय प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला, पण तो 16 रुग्णांच्या पौरुषग्रंथीच्या अर्बुदासाठी होता, व्रणासाठी नव्हे. कण शरीरात किती काळ राहतात, यकृत-प्लीहेत साठून काय करतात, हे प्रश्नही उभे आहेत.

सुवर्णभस्म म्हणजे नॅनोसुवर्ण नव्हे

येथे औषधनिर्मात्यांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. भस्मांत नॅनो आकाराचे स्फटिक आढळतात, हे खरे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात सुवर्णभस्मातील स्फटिक सुमारे 57 नॅनोमीटरचे आढळले, परंतु ते एकत्र येऊन मोठे पुंज झालेले होते. प्रकाशौष्णिक परिणाम मात्र कणाचा नेमका आकार, आकारमान व पृष्ठभाग यांवर अवलंबून असतो. तेव्हा भस्मयुक्त मलम व लाल दिवा एकत्र विकून ‘नॅनोचिकित्सा’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. रासायनिक रीतीने बनविलेले सुवर्णदंड प्रथम अनुसूचीतील ग्रंथांत येत नाहीत, त्यामुळे आयुर्वेदीय परवान्याच्या आधारे त्यांची निर्मिती करता येणार नाही. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी भारतात 2019 साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आहेत. ज्यांना या क्षेत्रात उतरावयाचे असेल, त्यांनी त्याच वाटेने जावे.

चिकित्सकांसाठी

मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना मंदावलेली असते. उष्णता असह्य झाल्याची सूचना तो देऊ शकत नाही आणि भाजल्यावरच ते ध्यानी येते. म्हणून अशा पादव्रणावर कोणताही तापदीप वा लेसर स्वतःच्या अंदाजाने वापरू नये. सुश्रुतांनी पित्तप्रकृती, दुर्बल, बाल, वृद्ध, अनेक व्रणांनी पीडित आणि ज्यांचे शल्य काढलेले नाही अशांना अग्निकर्म निषिद्ध मानले आहे. त्या निषेधामागील सावधगिरी लेसरच्या युगातही तितकीच लागू आहे. व्रणशोधन, मृत मांसाचा निर्हरण, शर्करानियंत्रण आणि पायावरील भार कमी करणे हाच आजही पादव्रणचिकित्सेचा पाया आहे. ज्वर, पसरणारी लाली, काळी पडणारी त्वचा किंवा दुर्गंध दिसताच विलंब न लावता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

नवे तंत्र आशादायक आहे, यात शंका नाही. कोणाला, किती आणि कोठवर दाह द्यावा, हे निश्चित झाल्यावरच अग्निकर्म चिकित्सा ठरते. नॅनोकणांच्या बाबतीत हा निश्चय व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत त्यांचा अभ्यास करावा, रुग्णावर प्रयोग करू नये.