‘कळवायला हवं होतं’ हे इंग्रजीत कसं लिहाल?



धंद्याच्या सुरुवातीची गोष्ट. माल चार दिवस उशिरा निघाला आणि ग्राहकाला मी ते सांगितलंच नाही. शेवटी ईमेल केला, ‘वी शुड इन्फॉर्म यू.’ मनात होतं, ‘तुम्हाला कळवायला हवं होतं.’ समोरून उत्तर आलं, ‘काय कळवायचं आहे?’ माझी दिलगिरी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही!

चूक कुठे झाली? मराठीत ‘होतं’ म्हटलं की गोष्ट भूतकाळात जाते. इंग्रजीत ते काम ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप करतं. नुसतं ‘शुड’ म्हणजे आता किंवा पुढे करायला हवं.

तीन साचे लक्षात ठेवा.

१. शुड हॅव: ‘वी शुड हॅव इन्फॉर्म्ड यू.’ कळवायला हवं होतं, आम्ही कळवलं नाही. जे करायला नको होतं, तिथे ‘शुड नॉट हॅव’. बोलताना हे ‘शुडव्ह’ असं ऐकू येतं, म्हणून काही जण ‘शुड ऑफ’ लिहितात. ते चूक.

२. आय विश आय हॅड: ‘आय विश आय हॅड टेकन ॲन ॲडव्हान्स.’ ॲडव्हान्स घेतला असता तर बरं झालं असतं!

३. इफ वी हॅड: ‘इफ वी हॅड चेक्ड द स्टॉक, वी वुड हॅव टोल्ड यू.’ इथे ‘इफ’च्या भागात ‘वुड हॅव’ घालू नका.

आता कामाचं. ग्राहकाला लिहिताना पहिला साचा वापरा, कारण त्यात जबाबदारी घेतलेली दिसते. ‘आय विश’मध्ये नुसती हळहळ असते. आणि ‘वी’च्या जागी ‘यू’ आलं, ‘यू शुड हॅव टोल्ड अस’, की तोच साचा थेट आरोप होतो. चिडलेल्या ग्राहकाला हे वाक्य चुकूनही पाठवू नका.

शिवाय नुसत्या खेदावर थांबू नका. मी आज तो ईमेल असा लिहीन:

‘वी शुड हॅव इन्फॉर्म्ड यू ऑन मंडे. वी आर सॉरी. युअर पार्सल विल रीच यू बाय थर्सडे.’

चूक मान्य, माफी आणि पुढची तारीख. तीन वाक्यांत विषय संपला.

आजचा गृहपाठ: धंद्यात राहून गेलेली एक गोष्ट आठवा आणि तिन्ही साच्यांत वहीत लिहून काढा. मोठ्याने वाचा. पुढच्या ईमेलला हात अडखळणार नाही!